कानासाठीं कीं डोळ्यांसाठीं ?

मनुष्याला वार्धक्याची चाहूल लागली म्हणजे त्याचीं इंद्रियें एकामागून एक निरोप घेऊं लागतात. परंतु त्या सर्वांच्या निरोपाकडे समाज सारख्याच दृष्टीनें पाहतो असें मात्र नाहीं. डोळे अधू झाले तर मनुष्य चष्मा लावतो, आणि चष्म्यामुळें त्याच्या चेहऱ्यावर पांडित्याची थोडी झांक आलेलीच दिसते. दांत पडले तर तो कवळी बसवितो, आणि ती किती रुपयांना पडली हेंहि चारचौघांत सांगतो. कानाची गोष्ट निराळी. आंधळ्याला पाहून लोक कळवळतात. बहिऱ्याला पाहून हसतात. आमच्या फार्सांतून बहिरें पात्र रंगभूमीवर आलें कीं, त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच प्रेक्षक हसावयास तयार असतात. ह्या हसण्याचें भय मनुष्याच्या मनांत इतकें खोल रुजलेलें आहे कीं, कान गेला तरी चालेल, पण तो गेलेला दिसतां कामा नये, अशी त्याची भूमिका होऊन बसते.

आमच्या वयाचे स्नेही अलीकडे आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारतात. श्रवणयंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेलें 'कानाचें मशीन', घ्यावयाचें आहे. कोणत्या प्रकारचें घ्यावें? आणि उत्तराची वाट न पाहतां ते पुढें म्हणतात, "दिसणार नाहीं असें एखादें सांगा." आमचा विषय इतिहास आहे, वैद्यक नव्हे, तेव्हां हा प्रश्न आम्हांला कां विचारावा, असें वाचक म्हणतील. त्याचें कारण असें कीं, आमच्या घरांत ह्या बाबतींत एकदां मोठी चूक झाली, व त्या चुकीचें मूळ शोधतां शोधतां आम्हांस ह्या यंत्रांचा इतिहास वाचावा लागला. ती चूक योग्य स्थळीं सांगूं. इतिहास वाचल्यावर दिसून आलें तें एवढेंच कीं, 'दिसणार नाहीं असें सांगा' ही मागणी यंत्राच्या जन्माइतकीच जुनी आहे, आणि तिची किंमत प्रत्येक पिढीनें मोजलेली आहे.

प्रथम एका राजाच्या आसनाकडे वळूं. सन १८१९ मध्यें लंडन येथील रेन नांवाच्या कारागिराच्या पेढीनें पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव ह्याच्यासाठीं एक विलक्षण खुर्ची तयार केली. गोमंतकाच्या वाचकांना हा राजा परका नाहीं. त्या काळीं गोव्यावर त्याचेंच राज्य होतें, जरी तो स्वतः नेपोलियनच्या धाकानें लिस्बन सोडून ब्राझीलमध्यें जाऊन राहिला होता. राजाला कमी ऐकूं येई. खुर्चीचे दोन्ही हात पोकळ असून त्यांच्या पुढच्या टोकांस जबडा पसरलेल्या सिंहांचीं मुखें कोरलेलीं होतीं. जो कोणी अर्ज घेऊन येई त्यानें खुर्चीपुढें गुडघे टेकून सिंहाच्या मुखांत बोलावयाचें. तो आवाज पोकळ हातांतून आसनाखालच्या पेटींत जाई, आणि तेथून नळीच्या द्वारें राजाच्या कानापर्यंत पोंचे. पाहणाराला वाटावें, काय हा दरबारी रिवाज आणि काय ही सिंहासनाची शोभा ! वस्तुतः तें एका बहिऱ्या मनुष्याचें श्रवणयंत्र होतें. राजाचें वैगुण्य झांकण्यासाठीं प्रजेला गुडघे टेकावे लागत होते.

राजांना सिंह परवडतात. इतरांनीं काय करावें? ह्याच रेनच्या पेढीनें, जी सन १८०० पासून हा धंदा करीत होती, त्यांचीहि सोय केली होती. साधें कर्णशिंग म्हणजे एक नरसाळें : रुंद तोंड बोलणाराकडे, अरुंद तोंड कानांत. परंतु हें नरसाळें सरळपणें हातांत धरणें गिऱ्हाइकाला नको असे. म्हणून तें पंख्यांत दडविलें गेलें, केसांवर बसविण्याच्या पट्ट्यांत दडविलें गेलें, उंच टोपीच्या आंत दडविलें गेलें, आणि मेजावरील फुलदाणींतहि दडविलें गेलें. कारागिरी उत्कृष्ट, पण शास्त्राचा नियम असा आहे कीं, नरसाळ्याचें तोंड जितकें मोठें तितका आवाज अधिक गोळा होतो. मोठें शिंग आवाजांत दहावीस डेसिबेलची भर घालूं शकतें. केसांत लपेल एवढें शिंग करावयाचें तर ही भर घटणारच. जें अधिक लपलें तें कमी उपयोगीं पडलें. हा व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच ठरून गेला होता, व आजतागायत तो फारसा बदललेला नाहीं.

ह्या शिंगांच्या काळांतील दोन माणसें एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. एक बेथोव्हेन. त्यानें १८०२ सालीं हायलिगेनस्टाट या खेड्यांत आपल्या भावांना उद्देशून जो लेख लिहून ठेवला त्यांत त्याचें दुःख केवळ ऐकूं येत नाहीं एवढेंच नाहीं. मी बहिरा आहें, जरा मोठ्यानें बोला, असें लोकांना सांगणें आपल्याच्यानें होत नाहीं, ज्या इंद्रियाचें आपल्यापाशीं इतरांहून अधिक वैभव असावयाचें त्याच्याच दुबळेपणाची कबुली द्यावयाची कशी, हें त्याचें खरें दुःख आहे. माणसांत जाणें त्यानें टाळलें. लोक त्याला तिरसट समजले. पुढें दहाएक वर्षांनीं मेल्झेल नांवाच्या यंत्रज्ञानें त्याच्यासाठीं पितळेचीं शिंगें घडविलीं. हा मेल्झेल म्हणजे संगीतांतील लय मोजणाऱ्या मेट्रोनोम यंत्राचें पेटंट घेणारा गृहस्थ. पण तोंवर फार उशीर झाला होता. १८१८ पासून पुढें भेटीला येणाराला वहींत लिहून बोलावें लागे; त्या वह्यांपैकीं पुष्कळ आज अभ्यासकांच्या हातीं आहेत, आणि वियेन्नाच्या त्या काळच्या जीवनाचें तें एक अपूर्व साधन होऊन बसलें आहे. इतिहासकाराला लाभ झाला खरा. पण बेथोव्हेनच्या दृष्टीनें हा सौदा तोट्याचाच म्हटला पाहिजे.

दुसरी व्यक्ति हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका. सत्तावनच्या उठावाच्या वेळीं हिंदुस्थानांतील इंग्रजी अमलाचा इतिहास लिहून प्रसिद्ध करणारी म्हणून आमचा हिचा प्रथम परिचय झाला. ती बहिरी होती हें आम्हांस कित्येक वर्षें ठाऊकहि नव्हतें. हिचा जन्म १८०२ चा, म्हणजे बेथोव्हेननें तो दुःखाचा लेख लिहिला त्याच सालचा. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचे कान बिघडूं लागले आणि विशीपर्यंत ती पुरती बहिरी झाली. तिनें शिंग हातांत घेतलें, आणि तें लपविलें नाहीं. १८३४ सालीं तिनें आपल्यासारख्याच बहिऱ्या माणसांना उद्देशून एक पत्र छापलें. त्यांतला उपदेश मोठा रोखठोक आहे. ऐकूं आल्याचें सोंग करूं नका. आपलें वैगुण्य मोकळेपणीं सांगून टाका. आणि शिंग वापरा, तें तुमच्यापेक्षांहि दुसऱ्याच्या घशाला विश्रांति म्हणून! त्याच वर्षीं ती अमेरिकेस निघाली आणि दोन वर्षें तो देश पालथा घालून तिनें त्यावर ग्रंथ लिहिले. बहिऱ्या बाईनें परक्या देशाविषयीं काय लिहावें, असा आक्षेप येणार हें तिला ठाऊक होतें. तिनें उत्तर दिलें कीं, शिंगामुळें प्रत्येक माणूस माझ्याजवळ येऊन एकट्याशीं बोलतो. चारचौघांच्या गप्पांत जें निसटतें तें मला ह्या शिंगांतून मिळतें.

ह्या उत्तरांत केवळ विनोद आहे असें समजूं नये. आजचे ध्वनिशास्त्रज्ञ जें सांगतात तेंच तिनें अनुभवानें सांगितलें आहे. बोलणारा कानाशीं आला म्हणजे त्याचा आवाज वाढतो, खोलींतला गलका मात्र आहे तेवढाच राहतो. आणि बहिऱ्याला नुसत्या आवाजापेक्षां गलक्याच्या मानानें वाढलेला आवाज अधिक कामाचा असतो. शिवाय उघडें शिंग हें एक प्रकारचें निशाणच होय. तें दिसलें कीं समोरचा मनुष्य आपोआप तोंड ह्या बाजूस करून सावकाश बोलूं लागतो. लपविलेल्या यंत्राला हें काम करतां येत नाहीं.

वीज आली तेव्हां ह्या विषयाला नवें वळण मिळालें, आणि तेंहि एका बहिऱ्या घरांतून. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याची आई बहिरी होती, पत्नीलाहि लहानपणच्या तापामुळें बहिरेपण आलें होतें, आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. १८७६ चा त्याचा टेलिफोन त्याच्या पत्नीच्या उपयोगीं पडला नाहीं. पण त्यांतल्या ध्वनिग्राहकावरूनच पुढें मिलर रीझ हचिसन या अमेरिकन तरुणानें १८९८ च्या सुमारास विजेवर चालणारें श्रवणयंत्र सिद्ध केलें. सातव्या एडवर्डची राणी अलेक्झांड्रा हिला कमी ऐकूं येत असे. तिनेंहि हचिसनचें यंत्र वापरलें. ह्याच हचिसननें पुढें मोटारीचा कर्कश भोंगाहि शोधून काढला. त्यावरून, हा गृहस्थ आधीं कान फोडतो आणि मग यंत्र विकतो, असा विनोद त्या काळीं रूढ झाला होता.

कार्बनच्या ह्या यंत्रांमागून निर्वात नलिकांचीं यंत्रें आलीं. त्यांची ताकद मोठी, पण त्यांना दोन निरनिराळ्या बॅटऱ्या लागत, व त्या कमरेला किंवा मांडीला पट्ट्यानें बांधून हिंडावें लागे. छातीवर पेटी, पेटींतून कानापर्यंत तार. लपविण्याची हौस येथें पार हरली. हा काळ आम्ही भरभर मागें टाकतों. कारण निवडीचा प्रश्न शास्त्राच्या कक्षेंत प्रथम आला तो ह्याच काळाच्या शेवटीं, दुसऱ्या महायुद्धांत.

तोफा आणि विमानें ह्यांच्या आवाजानें हजारों सैनिकांचे कान गेले. अमेरिकन सैन्यानें त्यांच्यासाठीं खास रुग्णालयें काढलीं. त्यांपैकीं पेनसिल्व्हानियांतील डेशॉन रुग्णालयांत रेमंड कारहार्ट हा शास्त्रज्ञ काम करीत होता. त्याची रीति अशी : सैनिकाच्या कानांत एकामागून एक निरनिराळीं यंत्रें लावावयाचीं, प्रत्येकाबरोबर त्याला शब्दांच्या याद्या ऐकवावयाच्या, शांततेंतहि ऐकवावयाच्या आणि गलक्यांतहि ऐकवावयाच्या, आणि ज्या यंत्रानें त्याला सर्वांत अधिक शब्द बरोबर ओळखतां येतील तें त्याचें. १९४६ सालीं त्यानें ही पद्धति प्रसिद्ध केली. प्रत्येक कानाला स्वतःचें असें एक यंत्र शोभतें, हें तिच्यामागील तत्त्व. जणूं वधूवरांच्या पत्रिकाच जुळवावयाच्या !

पुढच्याच वर्षीं हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं ह्याच्या उलट निकाल दिला. त्यांनीं प्रयोग करून सांगितलें कीं, बहुतेक सर्व कमी ऐकणारांना आवाजाची एकच ठेवण मानवते : सर्व स्वरांना सारखी वाढ द्यावी, फार तर उंच स्वरांना थोडी अधिक द्यावी, कीं काम झालें. कान पाहून यंत्र जुळवीत बसणें हा निव्वळ भ्रम आहे. इंग्लंडांतील वैद्यकीय संशोधन मंडळाची समितिहि त्याच सालीं ह्याच मताला आली. इंग्लंडनें तर तें लगेच अमलांत आणलें. जुलै १९४८ मध्यें तेथें सर्वांसाठीं मोफत आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हां 'मेड्रेस्को' नांवाचें एकाच घडणीचें सरकारी श्रवणयंत्र, छातीवर बांधावयाचें, गरीबश्रीमंत सर्वांना फुकट मिळूं लागलें.

कोण खरें ? आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धे खरे व अर्धे चुकलेले. कारहार्टची पद्धति कसोटीस लागली ती १९६० मध्यें. तेच कान, तींच यंत्रें, तेच शब्द घेऊन निरनिराळ्या दिवशीं परीक्षा केली तेव्हां पहिला आलेला दुसऱ्या दिवशीं तिसरा येऊं लागला. म्हणजे पत्रिका जुळत होत्या त्या बऱ्याच अंशीं योगायोगानें. पण हार्वर्डवाल्यांचें 'सर्वांना एकच' हेंहि पुढें टिकलें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील व कॅनडांतील संशोधकांनीं १९७० नंतर सूत्रें बसविलीं : मनुष्याचा श्रवणालेख, म्हणजे ऑडिओग्राम, काढावा, आणि कोणत्या स्वराला किती वाढ द्यावयाची हें त्यावरून गणितानें ठरवावें. आज तेंच चालतें. १९९६ पासून बाजारांत आलेलीं पूर्ण अंकीय यंत्रें संगणकाला जोडून हवीं तशीं जुळवून घेतां येतात; एकच यंत्र दहा माणसांना दहा प्रकारें लावतां येतें. परिणाम असा झाला कीं, यंत्राच्या पोटांत काय आहे ह्याची निवड गिऱ्हाइकाच्या हातून जवळजवळ गेली. त्याच्या हातीं उरला तो आकार. आणि आकार निवडतांना तो कानाचें ऐकत नाहीं, डोळ्यांचें ऐकतो. तेहि स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या.

ह्या आकारांची वंशावळ थोडक्यांत अशी. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरांत बेलच्या नांवाच्या प्रयोगशाळेंत लागला, आणि त्या बेलचें बहिऱ्यांवरील प्रेम स्मरून मालकांनीं श्रवणयंत्रें करणारांस ट्रान्झिस्टरवरील हक्काची फी माफ केली. व्यापाराच्या इतिहासांत असली उदाहरणें विरळा. १९५२ च्या अखेरीस पहिलें ट्रान्झिस्टरचें यंत्र अमेरिकेंत विक्रीस आलें आणि दोन वर्षांत नलिकांचीं यंत्रें जवळजवळ नामशेष झालीं. पेटी लहान होतांच लपविण्याची जुनी हौस पुन्हां जागी झाली. यंत्र चष्म्याच्या काड्यांत बसविण्यांत आलें. बहिरेपण पांडित्याच्या आड लपलें! पुढें हें ओसरलें, कारण चष्मा पुसायला काढला कीं मनुष्य एकदम आंधळाहि व्हावयाचा आणि बहिराहि. मग कानामागें बसणारें, मग कानाच्या पाळीच्या खळग्यांत बसणारें, मग कर्णनलिकेच्या तोंडाशीं बसणारें, आणि १९९३ च्या सुमारास कर्णनलिकेच्या अगदीं आंत शिरणारें यंत्र निघालें. १९८३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष रीगन कानांत यंत्र घालून लोकांसमोर आले, तेव्हां त्या देशांत यंत्रांचा खप एकाएकीं वाढला. तरुणपणीं चित्रपटांत काम करीत असतां कानाजवळ पिस्तुलाचा बार झाल्यानें त्यांचा कान दुखावला होता, असें सांगण्यांत येई. शौर्यानें गेलेला कान दाखविण्यास मनुष्य तयार होतो, वयानें गेलेला नव्हे, असें ह्यावरून कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं.

लपविण्याची इच्छा हा निव्वळ पोरकटपणा आहे असा मात्र आमचा आशय नाहीं. इंग्लंडांत सरकारी यंत्र कानामागें बसूं लागलें तें १९७४ सालीं. तोंवर छातीवरची ती पेटी पुष्कळांनीं फुकट घेतली आणि फुकटच कपाटांत ठेवून दिली. जें यंत्र माणूस लाजेनें घालीतच नाहीं तें कितीहि उत्तम असलें तरी त्याचा उपयोग शून्य. आमच्याकडेहि १९८१ पासून सरकारच्या अपंगसाहाय्य योजनेंतून जीं यंत्रें वांटलीं गेलीं त्यांत दीर्घ काळ खिशांतल्या पेटीचाच भरणा असे. ती पेटी स्वस्त, तिचे खटके मोठे, तिला साधा पेन्सिल सेल चाले, आणि अगदीं बहिऱ्या कानालाहि ती पोंचे. पण सदऱ्याच्या कापडाची घासाघीस ती कानांत नगाऱ्यासारखी वाजवी, आणि ज्यानें बोलणाराकडे तोंड करावें त्यानें खिसा करावा लागे! तेव्हां डोळ्यांचा हक्क आम्ही अजीबात नाकारीत नाहीं. कानाचा हक्क पहिला, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां ती घरांतली चूक. आमचे वडील, ज्यांना घरांत सर्वजण अण्णा म्हणत, माध्यमिक शाळेंत तीसपस्तीस वर्षें गणित शिकवून निवृत्त झाले होते. पंच्याहत्तरीच्या सुमारास त्यांचा कान जाऊं लागला. म्हातारपणीं कान जातो तो सगळा सारखा जात नाहीं. आधीं उंच स्वर जातात. आपल्या भाषेंत स्वरांचा जोर खालच्या सुरांत असतो, पण स, श, क, त, थ ह्यांसारखीं व्यंजनें वरच्या सुरांत राहतात. त्यामुळें वृद्ध मनुष्याला बोलणें ऐकूं येतें, पण कळत नाहीं. काठ, ताठ, पाठ, साठ ह्या शब्दांतला पहिला वर्ण गेला कीं उरतो तो 'आठ'. भाजीवाली साठ रुपये म्हणाली आणि आमच्या गणिताच्या शिक्षकांनीं तिच्या हातांत आठ रुपये ठेवले. ती हसली, शेजारीपाजारी हसले, आणि त्या दिवसापासून अण्णांनीं भाजीला जाणें बंद केलें. दुसरी गंमत अशी कीं, हळू बोललें तर अशा माणसाला ऐकूं येत नाहीं, आणि जरा आवाज चढविला तर तोच म्हणतो, "ओरडतोस कशाला ?" हा त्याचा हट्ट नव्हे, आंतल्या कानाची इजाच तशी असते. सोसेल त्याहून कमी आणि ऐकूं येईल त्याहून अधिक, अशी आवाजाची मधली पट्टीच अरुंद होऊन जाते.

सन २००९ मध्यें आमच्या भाचीचें लग्न ठरलें. लग्नांत अण्णांना ऐकूं यावें, आणि फोटोंत मात्र कांहीं दिसूं नये, असा घरच्या सर्वांचा विचार पडला. त्यांत आम्हीहि होतों, किंबहुना आम्हीच पुढें होतों. एका दुकानांत जाऊन कर्णनलिकेंत शिरणारें, शेंगदाण्याएवढें यंत्र घेतलें. दुकानदारानें श्रवणालेख काढला होता. पण त्याकडे पाहून 'हें ह्यांना पुरणार नाहीं' असें सांगणें त्याच्या धंद्याला परवडणारें नसावें, आणि तें ऐकून घेणें आमच्या हौसेलाहि परवडलें नसतें.

काय झालें तें आतां शास्त्र वाचल्यावर आम्ही सांगूं शकतों. यंत्रांत आवाज घेणारा भाग आणि आवाज देणारा भाग ह्यांत अंतर नाममात्र. अण्णांच्या कानाला लागणारी वाढ मोठी. तेव्हां दिलेला आवाज झिरपून परत घेतला जाई, आणि यंत्र शीळ घाली. शीळ अण्णांना ऐकूं येत नसे, पण शेजारी बसणाराला येई. कर्णनलिका बुजल्यामुळें त्यांना स्वतःचाच आवाज रांजणांत तोंड घालून बोलल्यासारखा घुमे. घांस चावतांना कानांत जातें फिरे. समोरून येणारें बोलणें उचलून बाजूचा गलका मागें ठेवण्यासाठीं जे दोन ध्वनिग्राहक एकमेकांपासून कांहीं अंतरावर लागतात, त्यांना एवढ्याशा यंत्रांत जागाच नव्हती. त्यामुळें लग्नाच्या मांडवांत त्यांना सनई, भांडीं आणि माणसें हीं सर्व एकाच दर्जानें ऐकूं आलीं. सेल सहा मिलिमीटरहूनहि कमी व्यासाचा. तो आठवड्याला बदलावयाचा. आणि अण्णांचीं बोटें संधिवातानें ताठलेलीं. सेल जमिनीवर पडला म्हणजे आई केरसुणी घेऊन शोधी. पावसाळा लागला आणि घाम व कानांतला मळ ह्यांनीं उरलेलें काम केलें. दोन महिन्यांत तें यंत्र अडकित्त्याच्या डब्यांत जाऊन बसलें. फोटो मात्र उत्तम आले होते.

त्यानंतर दोन वर्षें अण्णा घरांत असून नसल्यासारखे होते. वर्तमानपत्रावरून वाद घालणें सुटलें, देवळाच्या कट्ट्यावर जाणें सुटलें. आम्ही समजलों कीं वयोमानानें ते शांत झाले. बहिरेपणाला शांति समजण्याची चूक इतकी सर्वत्र होते कीं, तिचा उल्लेख करतांना लाज वाटण्याचेंहि आम्ही विसरलों होतों. कान आणि बुद्धि ह्यांचा संबंध आतां वैद्यकानेंहि मान्य केला आहे. कमी ऐकूं येणें हें स्मृतिभ्रंशाचें एक टाळतां येण्याजोगें कारण म्हणून २०१७ पासून तज्ज्ञ मंडळींच्या अहवालांत गणलें जातें. तें आम्हांला त्या वेळीं ठाऊक असतें तर तीं दोन वर्षें आम्हीं जाऊं दिलीं नसतीं, असें मनाला सांगावेंसें वाटतें.

२०११ मध्यें दुसऱ्याच कांहीं दुखण्यासाठीं त्यांना रुग्णालयांत न्यावें लागलें. तेथील श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करणारी मुलगी आमच्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिनें अडकित्त्याच्या डब्यांतलें यंत्र पाहिलें, श्रवणालेख पाहिला, आणि मग यंत्राकडे न पाहतां अण्णांचीं बोटें पाहिलीं. तिनें त्यांना कानामागें बसणारें, चांगलें ठसठशीत यंत्र दिलें. कानाचा ठसा घेऊन त्याचा साचा बसविला. मोठा सेल, मोठी कळ. दिसायला ? दहा हातांवरून दिसे. घरीं आल्यावर अण्णा पहिल्या दिवशीं आमच्याकडे पाहत बराच वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "तुझा आवाज असा कधीं झाला रे ?" त्यांच्या स्मरणांत आमचा आवाज पंधरा वर्षांपूर्वींचा होता. पुढें पांच वर्षें, म्हणजे अखेरपर्यंत, तें यंत्र त्यांच्या कानामागें राहिलें. भाजीवालीशीं हुज्जत पुन्हां सुरू झाली.

तेव्हां आतां कोणीं विचारलें तर आम्ही यंत्राचें नांव सांगत नाहीं. उलट प्रश्न करतों. कान किती व कोणत्या सुरांत गेला आहे ? खालचे सूर शाबूत असून वरचेच गेले असतील, तर २००३ च्या सुमारास रूढ झालेली मोकळ्या कानाची तऱ्हा, म्हणजे कानामागें लहानसें यंत्र आणि कर्णनलिकेंत केवळ एक बारीक टोक, बहुधा मानवते. कान बुजत नाहीं व आवाज घुमत नाहीं. फार गेला असेल तर कानामागचें जोरदार यंत्र आणि घट्ट साचा ह्यांना पर्याय नाहीं. कान वाहतो काय ? वाहत असेल तर आधीं कानाचे वैद्य, मग यंत्र. आणि कान बुजविणारें तर नकोच. बोटें चालतात काय, सेलाचें दार उघडतां येतें काय, कीं रात्रीं डबींत ठेवून चार्ज होणारें बरें ? दोन्ही कान गेले असतांना एकावर भागवितां कशाला. आवाज कोणत्या बाजूनें आला हें एका कानाला कसें कळावें? दिवस कोठें जातो : एकट्यानें वाचण्यांत, कीं वर्गांत, कीं सभेंत ? आणि वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणीं, किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या श्रवण विभागांत, आधीं नीट तपासणी झाली आहे काय ? दिसण्याचा प्रश्न ह्या सर्वांच्या शेवटीं यावा.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें हिशेब मांडला त्याप्रमाणें जगांत सुमारें ४३ कोटि माणसांना ह्या बाबतींत मदतीची गरज आहे, आणि ज्यांना यंत्राचा उपयोग होईल त्यांपैकीं शेंकडा १७ च्या आसपास लोकच तें वापरतात. दारिद्र्य हें त्याचें पहिलें कारण खरेंच. पण लाजेचा वांटाहि लहान नसावा. अमेरिकेनें २०२२ मध्यें सौम्य व मध्यम बहिरेपणासाठीं यंत्रें वैद्याच्या चिठ्ठीवांचून दुकानांत विकण्यास परवानगी दिली, आणि २०२४ मध्यें तर गाणीं ऐकण्याच्या कर्णगोळ्यांनाच श्रवणयंत्राचें काम करण्याची मुभा मिळाली. आमच्या महाविद्यालयाच्या आवारांत प्रत्येक तरुणाच्या कानांतून पांढरी दांडी लोंबत असते, आणि त्यांतल्या एकालाहि ती लपवावीशी वाटत नाहीं. ह्या मुलांचे कान म्हातारपणीं गेले तर निदान यंत्राची लाज त्यांना वाटणार नाहीं, असा एक तर्क होतो. कान लवकर जातील, असा दुसराहि होतो.

गेल्या वर्षीं मागच्या बांकावरच्या एका विद्यार्थ्यानें साताऱ्याच्या गादीविषयीं प्रश्न विचारला व आम्हीं ताराबाईंसंबंधीं वीस मिनिटें उत्तर दिलें. वर्ग आदरानें ऐकत राहिला. तास संपल्यावर एका मुलीनें जवळ येऊन सांगितलें कीं, सर, त्यानें 'चाचणी कधीं आहे' असें विचारलें होतें. त्याच आठवड्यांत आम्हीं श्रवणालेख काढविला. वरचे सूर उतरणीला लागलेले. तज्ज्ञानें दोन यंत्रें पुढें ठेवलीं. एवढा इतिहास वाचलेला, घरांतली चूक भोगलेली, आणि तरीहि आमच्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो हाच कीं, "ह्यांतलें लहान कोणतें ?"

तज्ज्ञानें कांहीं न बोलतां लहान यंत्राचा सेल आमच्या तळहातावर ठेवला आणि चष्मा न लावतां बसवून दाखवा म्हणून सांगितलें. तीन वेळां तो खालीं पडला. आम्हीं कानामागचें घेतलें. रंग मात्र पांढऱ्या केसांशीं मिळताजुळता मागून घेतला.